आधी मासा ठरवा: इंदुमतीबाई होले यांची पंचाहत्तरी

अठराशे पन्नास रुपये. बाईंनी माझ्या दुकानातून घेतलेल्या पहिल्या छडीची ही बिलातली किंमत. खरी किंमत मी नंतर कितीदा तरी मांडून पाहिली आहे. अचलपूर ते अकोला एसटीच्या दोन खेपा, उजव्या खांद्याला सव्वा महिना तेल-चोळणी, फुकट गेलेला एक अख्खा हिवाळा, आणि या दुकानदाराला काही कळत नाही हे भर दुकानात ऐकून घ्यायची नामुष्की. शेवटची रक्कम सगळ्यात मोठी होती आणि ती मी भरली.

त्याचं असं झालं. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोल्यात माझं दोरखंड, जाळी आणि ताडपत्रीचं दुकान आहे. सुतळीच्या लडी हातगाडीवर घेऊन सुरुवात केली, आज तीन शटर आहेत. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण गल्ल्यावर बसून कानांनी झालं. एका दुपारी साठी ओलांडलेल्या, पदर कमरेला घट्ट खोचलेल्या, खांद्यावर खाकी पिशवी अडकवलेल्या एक बाई आल्या आणि मासे धरायची छडी दाखवा म्हणाल्या. मी आमच्या वऱ्हाडी रिवाजाप्रमाणे दाखवली. म्हणजे दुकानातली सगळ्यात जाड छडी काढली, काउंटरवर दोनदा ठोकली आणि त्यांच्या हातात दिली. आमच्याकडे कुऱ्हाडीचा दांडा असो की पायातली चप्पल, गिऱ्हाईक आधी उचलून वजन पाहतं, मग ठोकून पाहतं. जड ते मजबूत, मजबूत ते चांगलं. बाकी विचार कोणी करत नाही.

"माय, हिले बैल बांधला तरी मोडणार नाई," मी म्हणालो.

"मले बैल नाई बांधायचा. वाकते का?"

"वाकून काय करता? वाकणारी मोडते."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, घासाघीस न करता पैसे दिले आणि गेल्या. सव्वा महिन्यानं परत आल्या. पैसे परत मागायला आलेलं गिऱ्हाईक मी पायऱ्या चढण्याच्या आवाजावरून ओळखतो. बाईंच्या पावलांत ते नव्हतं. त्यांनी छडी काउंटरवर आडवी ठेवली.

"भाऊ, तुमी मले बल्ली विकली."

बल्ली म्हणजे मांडवाला लावतात तो जाड वासा. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. ती हसली. मी म्हणालो, "पैसे वापस करतो, बाई."

"पैसे नाई पाहिजे. तुमी समजून घ्या. नाई तं उद्या दुसऱ्याले बी बल्लीच विकसान."

आणि त्यांनी तिथंच वर्ग घेतला. साध्या गळाला शिशाचा तुकडा असतो; तो फेकला की दोरी त्याच्यामागं जाते. पण बाईंच्या गळाला वजनच नव्हतं. पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली ती एक खोटी माशी. नुसती फेकली तर पायाशी पडेल. म्हणून या प्रकारात वजन दोरीलाच असतं. वाकणारी छडी ती दोरी हवेत मागं उलगडते, मग पुढं उलगडते, आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद बसते. माझ्या बल्लीनं दोरी उलगडत नव्हती, बाईंचा खांदा तेवढा अवघडला होता.

हे खूळ आलं कुठून, असं मी विचारलं. निवृत्तीनंतर त्या मैत्रिणींबरोबर हिमाचलात देवदर्शनाला गेल्या होत्या. बाकीच्या बायका देवळांत गेल्या आणि या दोन दिवस नदीकाठी एका म्हाताऱ्या पहाडी माणसाची फेक पाहत बसल्या. "तीस वर्षं सुईतून दोरा ओढला, भाऊ," त्या म्हणाल्या. "दोरा हवेत असा उभा राहते, हे मले कोणी सांगतलंच नवतं."

हा लेख लिहायला घेतला तेव्हा या गौरवग्रंथाच्या संपादक ज्योतीताईंचा फोन आला. ताई बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी, माझ्याही परिचयाच्या. म्हणाल्या, "भाऊ, मॅडमच्या शिकवण्यावर लिहा, स्वभावावर लिहा. माशांचं दोन ओळींत आटपा. घरची मंडळी शाकाहारी आहेत, व्यासपीठावर पाहुणे असतील." मी ऐकून घेतलं. मग म्हणालो, ताई, कापायचं असेल तर माझा अख्खा लेख कापा. शिवणकामावर लिहायला तुम्ही चाळीसजणी आहात. माशांवर लिहायला मी एकटा आहे. गौरव करायचा तर अख्ख्या बाईंचा करा.

तरीही बाईंच्या कामाबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही, कारण काठावरच्या बाई आणि वर्गातल्या बाई वेगळ्या नाहीत. अंजनगाव सुर्जीला त्यांच्या वडिलांचा पानमळा होता. पानवेल आधाराला बांधायचा तर गाठ अशी लागते, की वेल घसरणार नाही आणि दबणारही नाही. ती गाठ बाईंच्या बोटांना सातव्या वर्षी बसली. पुढं त्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत कटाई-शिवणाच्या निदेशक झाल्या आणि तीस वर्षं अचलपूर भागातल्या मुलींना त्यांनी हातात कात्री धरायला शिकवलं. ज्योतीताईंनीच सांगितलेला प्रसंग आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी नमुन्याची कॉलर शिवून दाखवली. मुली टाळ्या वाजवणार, तेवढ्यात बाईंनी ती उजेडात धरली, डावं टोक एक दोराभर पुढं आलेलं पाहिलं, आणि सगळ्यांसमोर उसवायला घेतली. "मॅडम, कोणाला दिसत नाही," एक मुलगी म्हणाली. बाई म्हणाल्या, "मले दिसलं ना!" त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या कॉलरी आपोआप उसवल्या गेल्या.

तीच नजर त्यांनी गळाच्या सामानाकडे वळवली. त्यांनी मला त्या दुपारी जे शिकवलं ते मी आज छडी मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो, त्याला घाई असली तरी. खरेदी उलटी करायची. आधी मासा ठरवा. माशावरून माशी ठरते, माशीवरून दोरीचं वजन, दोरीवरून छडी. रीळ सगळ्यात शेवटी घ्यायचं. लोक पहिला हात त्यालाच घालतात, कारण ते चकाकतं; आपल्या तळ्यांत त्याचं काम दोरी गुंडाळून ठेवण्यापलीकडं फारसं नाही. चिलापीसारख्या लहान माशाला पाच नंबरची हलकी छडी पुरते. बेशरमच्या झुडपांत दडणाऱ्या मरळीला आठ नंबरची लागते, नाहीतर ती मुळांत घुसून दोरी गुंतवते आणि मोकळी होते. छडी ठोकून पाहायची नाही. दोरी ओवून मोकळ्या जागेत पंधरा-वीस वेळा फेकून पाहायची, मनगट कुरकुरलं तर परत ठेवायची. दुकानदार म्हणून सांगतो, हा सल्ला धंद्याच्या मुळावर येणारा आहे. गिऱ्हाईक तीन हजारांचं ठरवून येतं आणि चौदाशेचं घेऊन जातं. पण ते गिऱ्हाईक पुन्हा येतं.

माशा बाई स्वतः बांधतात. कोंबड्याच्या मानेची पिसं परतवाड्याच्या खाटकाकडून आणतात, बकरीचे केस मेंढपाळाकडून. मरळीसाठी जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून बेडूक कापतात. माझी एक डाव्या पायाची स्लीपर अचलपूरजवळच्या तलावातल्या निदान सात मरळींनी चाखली आहे. पदर गळात अडकतो म्हणून त्यांनी माझ्याकडच्या खाकी कापडाचा अकरा खिशांचा अंगरखा शिवला. तो पाहून मी तसे वीस शिवून मागितले, विकायला. बाई म्हणाल्या, "एक शिवून देतो, वीस तुमी शिवा." कसा बेतायचा ते कागदावर काढून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

आता विरोधाबद्दल. तो दोन्ही बाजूंनी झाला, आणि म्हणूनच मला तो लिहून ठेवायचा आहे. बाईंचं माहेर आणि सासर दोन्ही शाकाहारी. धाकटे दीर घरी येऊन बसले. मी तेव्हा तिथंच चहा पीत होतो.

"वहिनी, आपल्या घरात कधी अंडं नाई आलं. अन् तुमी मासे मारून राहिल्या?"

"मारून नाई राहिली. धरून सोडून राहिली."

"मंग तं अजूनच वाईट! खाणाऱ्याचं पोट तरी भरते."

हेच वाक्य आठ दिवसांनी तलावाजवळच्या चहाच्या टपरीवर मी उलट्या बाजूनं ऐकलं. "सव्वा किलोची मरळ हातात आलेली सोडून देते ना बाप्पा! डोकं फिरलं त्या बाईचं." बाई दोन बाकं सोडून बसल्या होत्या. उठून समोर गेल्या आणि म्हणाल्या, "तुमाले मी खाण्याचा जबाब मागतला का कधी? मंग मले सोडण्याचा काहून मागता?" टपरीवाल्यानं त्यांच्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

पुष्कळ सुशिक्षित लोक अजून एक प्रश्न विचारतात: माशाला लागत नाही का? बाई त्यावर भाषण देत नाहीत. "लागते," म्हणतात. "मी खोटं काहून बोलू? कमी कसं लागन ते पाहाव लागते." म्हणून गळाचा उलटा काटा त्या पकडीनं दाबून सपाट करतात. हात ओला केल्याशिवाय माशाला धरत नाहीत. पावसाळ्यात मरळीच्या पिलांचा तांबडा गोळा पाण्यावर तरंगत असतो आणि खाली आई-बाप राखण करत असतात. तेव्हा मरळ दिसेल त्यावर तुटून पडते. धरायला सगळ्यात सोपे दिवस. त्या दिवसांत बाई छडी घराबाहेर काढत नाहीत.

त्या दाबलेल्या काट्याचे उपकार माझ्यावरही आहेत. सहा वर्षांपूर्वी माझ्या हृदयात दोन स्टेंट बसले. दवाखान्यातून आलो आणि गल्ल्यावर बसून माणसांवर खेकसायला लागलो. बाई एसटीनं अकोल्याला आल्या, पाच मिनिटं माझं खेकसणं ऐकलं आणि म्हणाल्या, "भाऊ, इथंच बसून मरसान. चला." मला अचलपूरला नेलं. तीन सकाळी नुसतं पाहायला लावलं. चौथ्या दिवशी छडी हातात दिली. माझी पहिली फेक मागं गेली ती पुढं आलीच नाही, कारण गळ माझ्याच उजव्या कानाच्या पाळीत रुतला होता.

"हलू नका," बाई म्हणाल्या. बोटांनी एक हलका वळसा, आणि गळ बाहेर. रक्ताचा एक थेंब. "काटा दाबला नसता तं कान कापाले न्याव लागलं असतं. आता समजलं, दर महिन्याले पकड काहून मागतो मी?" मग परतवाड्याला नेऊन मला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लावलं आणि त्याच रिक्षानं पुन्हा तलावावर आणलं. घरी जाऊ दिलं असतं तर मी परत छडी धरली नसती, हे त्यांना माहीत होतं.

हा तलाव अचलपूरच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्याचा ठेका मच्छीमारांच्या संस्थेकडं. संस्थेचे अध्यक्ष पुंडलिकभाऊ माझे वीस वर्षांचे गिऱ्हाईक, सरळ माणूस. बाई काठावर येतात याला कोणाची हरकत नव्हती. चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मात्र पाणी फार उतरलं आणि काठाला मेलेले मासे लागू लागले. त्याच आठवड्यात संस्थेचे सचिव माझ्याकडं जाळं घ्यायला आले. जाळं मापता मापता ते फोनवर बोलत होते. मी पावती लिहीत होतो, कान तिकडं.

"रविवारी ठरावच घेऊन टाकू. त्या बाईची छडी बंद. तिनं सोडलेलेच मासे मरून राहिले."

मी तासाभरानं बाईंना फोन केला. त्या काळात त्यांचे यजमान जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि पुण्याचा मुलगा दर रविवारी म्हणत होता, आई, तिथं एकटीनं काय करतेस, इकडं ये. तलाव गेला असता तर त्यांच्याजवळ त्याला द्यायला उत्तर उरलं नसतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग रविवारी आपण बी जाऊ."

तलावाच्या पाळीवर, कडुलिंबाखाली सभा भरली होती. पुंडलिकभाऊंनी बाईंना बसायला सतरंजी दिली आणि मग स्पष्ट बोलले. "बाई, तुमचा आमाले आदर हाय. पण बीज आमी टाकतो, ठेका आमी भरतो. तुमचा खेळ हाय, आमचं पोट हाय."

"बरोबर हाय," बाई म्हणाल्या.

भांडायला आलेल्या माणसाचं म्हणणं समोरच्यानं मान्य केलं की त्याची पंचाईत होते.

"पण मासे माझ्यानं मेले का उन्हानं, हे तुमाले मालूम नाई अन् मले बी नाई. मंग पाहून घ्या. पाण्यात एक हापा लावा. मी धरलेला एकेक मासा तुमच्यासमोर त्यात सोडतो. शेवटच्या माशानंतर तीन दिवसांनी मोजा." हापा म्हणजे बीज ठेवायला पाण्यात बांधतात ती जाळीची पेटी.

"आता?" सचिव म्हणाले. "पाणी उकळून राहिलं, बाई. पावसानंतर पाहू."

"आताच. पावसानंतर कोणताबी मासा जगते."

मी त्यांचा पदर ओढण्याइतका जवळ असतो तर ओढला असता. पुंडलिकभाऊ मात्र विचार करून म्हणाले, "मंग दोन हापे लावू. एकात तुमचे, एकात आमच्या जाळ्यातले तितकेच." बाईंनी मान हलवली.

पाच सकाळी बाई त्या पाण्यात गुडघाभर उभ्या राहिल्या. संस्थेचे दोघं काठावर बसून मोजत. अकरा मासे लागले. नऊ चिलापी, दोन मरळी. मी रोज अकोल्याहून येत होतो. बाईंच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. फक्त माशा बांधताना त्या नेहमी गुणगुणतात, ते त्या आठवड्यात बंद होतं.

शेवटच्या माशानंतर तिसऱ्या दिवशी हापे उचलले. जाळ्यातल्या अकरापैकी दोन मेले होते. बाईंच्या अकरापैकी एक. सचिव प्रामाणिकपणे म्हणाले, "ऊनच हाय मंग. बाईचाबी उन्हानंच मेला."

बाईंनी तो मासा उचलला, उलटा केला आणि पुंडलिकभाऊंसमोर ठेवला. पाठीवर खवले निघालेली जागा होती, चार बोटांएवढी. "हा उन्हानं नाई मेला. तिसऱ्या सकाळी दुसरा मासा वर आलेला दिसला म्हणून घाई झाली, अन् याले मी कोरड्या हातानं धरला. हा माझा. लिहून घ्या."

मी मनात म्हणालो, गेलं. जिंकलेली बाजी बाईंनी स्वतःच्या हातानं उसवली. पुंडलिकभाऊंनी मासा पाहिला, बाईंकडं पाहिलं, आणि सभेकडं वळले. "जे माणूस आपला मेलेला मासा लपवत नाई, त्याले मी काठावरून उठवत नाई. बसा बाई. पण कायद्यानं बसा. सालाचा परवाना काढा."

"एका बाईपायी परवान्याचं पुस्तक छापायचं?" सचिवांनी विचारलं.

इथं माझ्यातला दुकानदार उठून उभा राहिला. छाती पुढं काढून म्हणालो, "शंभर पानांचं पुस्तक मी छापून देतो. अमरावती, अकोला, नागपूरचे शौकीन या काठावर रांग लावतील. साल संपायच्या आत तुम्ही दुसरं पुस्तक मागायला माझ्या दुकानात येसान. गजाननभाऊ बोलला म्हणजे माल खपला समजा." सभेनं टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. त्या ओल्या हातानं उरलेले दहा मासे एकेक करून पाण्यात सोडत होत्या.

बाई अचलपूरलाच राहिल्या. मुलगा आता दिवाळीला इकडं येतो. पुंडलिकभाऊंची माणसं जाळ्यातला लहान मासा परत टाकताना हात ओला करतात; कोणी सांगितलं नव्हतं, मी फक्त पाहिलं. आणि ज्यांना अजूनही शाकाहारी घरातल्या पंचाहत्तर वर्षांच्या बाईंनी काय करावं याची काळजी वाटते, त्यांनी एकदा सकाळी सहाला पाळीवर यावं. काही बोलायची गरज पडणार नाही. दोरी मागं उलगडते, क्षणभर थांबते आणि पुढं जाते, एवढं पाहावं आणि घरी जाऊन हवं ते म्हणावं.

बाईंचा उजवा खांदा असाच चालत राहो. गळाच्या नाकात दोरा ओवायला त्यांना चष्म्याचा नंबर वाढवावा न लागो. गुडघ्यांना थंड पाणी सोसो, आणि वयाच्या शंभराव्या वर्षीही त्यांनी भर दुकानात माझ्या मालाला नावं ठेवावीत, ऐकायला मी असेन अशी तजवीज देवानं करावी.

राहिलं परवान्याचं पुस्तक. या लेखासाठी मी ते संस्थेतून मागवून पाहिलं. चार वर्षांत आठ पानं फाटली आहेत. चार बाईंची, चार माझी.